दातांत धरलेली इंग्रजी

सर, तुमचं तोंड उघडत नव्हतं. काल दुपारी चौसाळ्याला, तुमच्याच घरात, काकूंनी हे स्वतः सांगितलं, आणि मी दोनदा विचारून खात्री करून घेतली, कारण इतकी वर्षं बातमीदारी केल्यावर माणूस एकदा ऐकलेल्यावर विसंबत नाही. तुम्ही आम्हाला आठवी ते दहावी इंग्रजी शिकवत होतात त्या सगळ्या काळात तुमच्या दातांमध्ये जेमतेम एक बोट जाईल एवढीच जागा उरली होती. सुपारीनं गाल आतून आवळत गेले होते. काकू भाकरी दुधात कुस्करून तिचा पार लगदा करायच्या आणि तुम्ही तो दार लावून, चमच्यानं ओठांच्या फटीतून आत सोडायचात. गावात कुणाला कळू दिलं नाहीत. ज्या माणसाला एक फुटाणा फोडता येत नव्हता, त्याच्याकडून आम्ही चावण्याचे सगळे इंग्रजी शब्द शिकलो. कालपासून मी या एका वाक्यापाशीच थांबलोय, ते पुढं सरकत नाही.

मी हे विचारायला का गेलो, तेही सांगतो. गेल्या महिन्यात नारायणगडावरून परत येताना आमची गाडी मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबली. पहिल्याच घासाला ठेच्यानं तोंडात अशी आग पडली की मी ताट सरकवून दिलं. ड्रायव्हर माझ्याकडं बघून म्हणाला, "बीडचेच हाव ना तुमी, का तोंड पुण्याहून आणलंय?" मी हसलो, पण त्यानंतर रोजच्या आमटीनंही तोंड भाजायला लागलं. बीडमधल्या दाताच्या डॉक्टर वयानं माझ्या मुलीएवढ्या आहेत. त्यांनी मला तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला लावली. दोन गेली, तिसरं अडलं. मग त्यांनी गालाच्या आतून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "इथं दोरी ताणल्यासारखं लागतंय बघा. सुपारी किती वर्षं?" मागं एक पांढरा चट्टा होता. त्यातला बारीक तुकडा काढून त्यांनी तपासायला पाठवला, आणि तो कॅन्सरचा निघू शकतो हे शब्द न चोरता सांगितलं. सुपारी सुटली नाही तर पुढं काय होतं तेही त्यांनी सांगितलं. आधी तिखट सोसत नाही, मग शिट्टी वाजत नाही, मग माणूस दात मिटूनच बोलायला लागतो, चहा बशीतून कडेकडेनं ओढतो, जेवण पातळ करून घेतो. त्या माझ्याबद्दल बोलत होत्या आणि माझ्यासमोर फळ्याजवळ तुम्ही उभे होतात, मान जराशी तिरकी, हातात बशी. खुर्चीचे हात मी घट्ट धरले. डॉक्टरांना वाटलं, दुखलं.

आम्हाला वाटायचं, इंग्रजी तशीच बोलतात. तुम्ही दात न उघडता "बाइट", "च्यू" म्हणायचात आणि आम्ही अख्खा वर्ग दात मिटून तसंच म्हणायचो. मराठीला तोंड मोकळं सोडायचं आणि इंग्रजीला जबडा आवळायचा, हा साहेबी उच्चार, असा आमचा पक्का समज होता. जो जास्त आवळेल तो हुशार. बीडला कॉलेजात गेल्यावर पहिल्याच तोंडी परीक्षेला मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "कावून दात खातो बे, कुणी मारायलंय का तुला?" मी त्यालाच अडाणी समजलो. आपल्या शाळेतली माणसं आज तहसीलमध्ये आहेत, बँकेत आहेत, एक जण तर विमान कंपनीत आहे, आणि ती सगळी अजूनही इंग्रजी बोलताना दात मिटतात. तुमचं दुखणं आम्ही उच्चार म्हणून उचललं, सर. यावर हसावं की काय करावं, मला कळत नाही.

आणि तो तास. हिवाळ्यात तुम्ही कापडी पिशवी घेऊन वर्गात येताय. पिशवीत फुटाणे, पेरू, उसाच्या कांड्या, भाकरीचे वाळलेले पापुद्रे. एकाला पुढं बोलवायचं, बाकीच्यांनी डोळे मिटायचे, आणि त्यानं खायचं. आवाजावरून आम्ही शब्द ओळखायचा. फुटाण्याला क्रंच, उंदरासारखं कुरतडलं तर निबल, कांडी दातांनी ओरबाडत राहिलं तर नॉ. पण खाणाऱ्याला शब्द लगेच मिळायचा नाही. "आधी तोंडातलं सांग," तुम्ही म्हणायचात, "मग शब्द देतो." ऊसतोडीवर गेलेल्या आई-बापाला सोडून शाळेसाठी मधेच परतलेली एक मुलगी होती. तिनं कांडी दातानं सोलली, सालाची लांब पट्टी बाजूला टाकली आणि खायला लागली. "काय व्हायलंय?" तुम्ही विचारलं. ती म्हणाली, "आधी गार लागतंय सर. मग रस मागल्या दाढंकडं पळतोय. मग नुसता चोथा, पण तोबी सोडू वाटंना." तुम्ही म्हणालात, "अजून सांग." ती म्हणाली, "संपला की सर." वर्ग हसला. तुम्ही तिला दुसरी कांडी दिलीत.

माझी पाळी आली तेव्हा मी फुटाणे तोंडात टाकले, दोन दातांत मोडून गिळले आणि "क्रंच" असं मोठ्यानं सांगून टाकलं. उत्तर बरोबर होतं. तुम्ही त्या वर्षात पहिल्यांदा चिडलात. "शब्द तुला पाठ हाय. घास फुकट घालवलास." मला बाकावर उभं केलंत. घास फुकट जाण्यासारखं त्यात काय होतं, हे मला तेव्हा समजलं नाही आणि नंतर कधी आठवण आली तर मी तुम्हाला विक्षिप्त ठरवून मोकळा व्हायचो. काल काकूंच्या ओसरीवर बसल्या बसल्या ते समजलं. तुम्ही आम्हाला शिकवत होतात हे खरं, पण जेवतही होतात.

वाक्प्रचार मात्र तुम्ही पिशवीशिवाय शिकवायचात. पेलवणार नाही एवढा घास तोडणं, भरवणाऱ्या हाताला चावणं, सगळे इंग्रजी वाक्प्रचार सांगून झाल्यावर म्हणायचात, "ह्या लोकांचं सगळं दातावर हाय." तुमची एक गोष्ट मी अजून लोकांना सांगतो. मराठीत माणूस बोलून गेल्यावर जीभ चावतो आणि इंग्रजीत बोलण्याआधी चावतो. 'बाइट द बुलेट' सांगताना तुम्ही शस्त्रक्रियेच्या वेळी सैनिकाच्या दातात गोळी द्यायचे ते सांगितलंत. कुणीतरी विचारलं, "सर, मग गोळी तुटत नसंल का?" तुम्ही म्हणालात, "गोळी न्हाई तुटत. वरडणं तुटतं." आता आमच्या धंद्यात पुढाऱ्यापुढं माईक धरतात आणि त्यालाच बाइट घेणं म्हणतात. तुम्ही असतात तर यावर एक तास घेतला असता.

काकूंनी मला ओळखलं, पण सांगितल्यावर. "कावून रे, आज वाट चुकला?" मी काय विचारायला आलोय ते त्यांनी तांदूळ निवडत निवडत ऐकलं. मग म्हणाल्या, "तूच छापलं होतं ना, अल्पशा आजारानं निधन? लई वर्षं होता बाबा तो अल्पसा." मी म्हणालो, फोनवर इथूनच तसं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "त्यांनीच सांगून ठेवलं होतं तसं. पोरांसमोर तोंड उघडलं तर पोरं तोंडात बघतील, शब्द न्हाई बघणार, म्हणायचे."

मग त्यांनी अडकित्त्याबद्दल विचारलं. मी पेपरात लागलो तेव्हा तुम्ही तुमचा पितळी अडकित्ता मला दिला होता. पोपटाच्या तोंडाचा. इतक्या विद्यार्थ्यांत मलाच दिलात, याचा मला किती अभिमान होता. काकू म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलं, घरातून बाहेर काढा. त्यांच्यानं फेकवंना. मी म्हणलं, त्या पोराला कावून देता असलं? तर म्हणले, तो कुठं खातोय? कागदं दाबायला होईल." काकूंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी चहा बशीतून कडेनं पीत होतो. त्यांनी तांदळाचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "अरे देवा. तू बी?"

पहिली काही वर्षं तो कागदच दाबत होता, सर. मग रात्रपाळ्या, शेवटची बातमी, पान छपाईला सोडायची घाई. हाताशी होता. सुपारीचं एक खांड, दोन खांडं, लिहिताना तोंड चालू असलं की वाक्य अडत नाही, असं वाटायचं. तुमचा विश्वास होता की मी खात नाही. मी तुमच्यावर रागावलेलो नाही. पण तुम्ही दिलेल्या सगळ्यातून मी सर्वांत नीट उचलली ती सुपारीच निघावी, याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

काल संध्याकाळी घरी आलो तर बायको तिखट-मीठ लावून पेरू खात बसली होती. मी समोर बसलो आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काय व्हायलंय तोंडात? सांग ना." तिनं चावणं थांबवलं. "कावून, तुमाला तोंड न्हाई का?" म्हणाली आणि एक फोड पुढं केली. मी ती घेतली. तिखट धुऊन टाकलं, पुढच्या दातांनी बारीक बारीक कुरतडली, आणि खूप वेळ गिळली नाही. तिला मी दाढ दुखते असं सांगून ठेवलंय.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. काकूंना वाचून दाखवण्याची माझ्यात हिंमत नाही. घडी करून टेबलावर ठेवतो आणि वर अडकित्ता ठेवतो. सोमवारी रिपोर्ट येईल. येताना घरचं कुणीतरी सोबत आणा, असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि ते मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.