वेलीत गेलेली बाई

आई, आज मी कोरगावच्या आपल्या सड्यावरच्या मळ्यात गेले होते. दादाच्या तवशांच्या वेली पिवळ्या चट्ट्यांनी भरल्यात, पानं आकसलीत, काकड्यांवर फोडांसारखे उंचवटे आलेत. तुझ्या वेळी अगदी अश्शाच झाल्या होत्या. "भायर आसताना ही वेलीत गेली, म्हणान हां झाला," असं बाबा साऱ्या वाड्यासमोर बोलले. पाळीच्या दिवसांत तू आत पाय टाकलास, हा तुझा गुन्हा. तू कळशी घेऊन बांधावर उभी. पुढे गणपतीवर टांगायच्या फळांच्या माटोळीला तवसं बांधताना तू कधी हात लावला नाहीस. शिकून याचं खरं कारण शोधीन, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं.

शिकले गो. पिकांचे विषाणू ओळखणं हीच माझी नोकरी. आज तुझ्या जागी वहिनी उभी होती, दादाने तोच आळ तिच्यावर घेतलाय. मी वेलीत शिरणार तेवढ्यात तो म्हणाला, "आत येऊक चलता मगो तुका?"

त्याच्या हिशेबाने चालत नव्हतं, आई. सकाळीच पाळी आली होती, पॅड मी वहिनीकडूनच मागून घेतला होता. आणि तिच्यादेखत मी म्हटलं, "चलता रे."

रोगट पान पिशवीतल्या द्रावणात चिरडलं, तपासणीची पट्टी बुडवली. दुसरी रेघ उमटली. मोझॅकचा विषाणू. "हा मावा किडीनं पसरतो, दादा. बाईमाणसाचा काय संबंध?"

"पट्टीचा आसू दे. ती आत गेली नसती तर मावा कशाक इलो असतो?"

मलाही आज पाळी आहे, मग मी आत कशी उभी आहे, एवढंच विचारायचं होतं गो! त्याऐवजी मी पट्टी आवरून ठेवली. उरलेल्या वेली गेल्या तर माझं नाव घेतील, ही भीती वाटली. वहिनीने निघताना चहा पुढे केला, हळूच म्हणाली, "पोट दुखता काय गो?" मला तिच्याकडे बघवेना.

तू गेलीस, हे पत्र तुला पोचायचं नाही, आणि वहिनीला दाखवायची माझी छाती नाही. आणखी एक राहिलं. चांगल्या वेलींपासून मी ओढणी आवरून, अंग चोरून चालत होते. हाताला रोगट पानाचा रस लागला होता, तो चांगल्या पानांना लागू नये म्हणून, असं घरी येईपर्यंत स्वतःला समजावलं. पण रोगट पानाला हात लावायच्या आधीपासूनच मी तशी चालत होते.