सतरा नंबरचा बिल्ला

प्रिय ठकू,

तुझं पत्र मिळालं. ‘आई, तू हल्ली फार डायडॅक्टिक झालीयेस,’ हे वाचून आधी वाटलं काहीतरी आजार असेल. कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या आईला असले शब्द पाठवतात होय गं? शेवटी वाचनालय गाठलं. तिथले काका शब्द ऐकून इतके खूश झाले की त्यांनी मला खुर्ची दिली. एरवी ती फक्त मांजराला मिळते.

काका म्हणाले, हा शब्द पुस्तकाला लावला तर साधा आहे, लोकांना शिकवण द्यायला लिहिलेलं पुस्तक. माणसाला लावला की मात्र टोमणा, कुणी विचारलं नसताना शिकवत बसणारा. मी म्हटलं, म्हणजे आमच्या जाऊबाई का? तर म्हणे नाही, त्या नुसत्या बोलतात, शिकवायचा हेतू पाहिजे. मग मी उठले तरी त्यांचं ‘वाक्यात उपयोग’ चालूच. मी म्हटलं, काका, पुरे आता, नमुना समोरच बसलाय. कानापर्यंत लाल झाले बिचारे.

परत येताना वाटेत माझं हसू गेलं. ठकू, तो शब्द माझा नाहीच, तुझ्या बाबांचा आहे. झाडू कसा धरावा, बुटाची नाडी कशी बांधावी, दुधावर झाकण तिरकं का ठेवावं, सगळं शिकवायचे. पुठ्ठ्याच्या कारखान्यात ते मुकादम, तिथं तर बोलायलाच नको. लगद्याच्या टाकीत पाती साफ करायला जो उतरेल, त्यानं आपल्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला पाती चालू करायच्या स्विचच्या दांड्याला अडकवायचा. ज्याचा बिल्ला, त्यानंच बाहेर येऊन काढायचा. मालक आला तरी त्यानं हात लावायचा नाही. नव्या माणसाकडून बाबा हे तीनदा वदवून घ्यायचे, मगच कामाला लावायचे. बाकीचे पाठीमागे त्यांची नक्कल करायचे. मी तर समोरच करायची, हातात चमचा घेऊन.

पुढचं तुला ठाऊक आहे. बाबा टाकीत होते. त्या दिवशीच लागलेल्या फिटरला दांड्यावर सतरा नंबरचा बिल्ला दिसला. त्याला वाटलं कुणीतरी विसरून गेलंय. त्यानं तो काढून शेजारच्या खिळ्याला नीट टांगला आणि दांडा ओढला. चौकशीत तो एकच सांगत राहिला, मला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला पटलं नाही. मुकादमांनी सांगितलं नाही असं होईल तरी कसं? तू त्याला खोटारडा म्हणालीस, त्याच्या बायकोसमोर. त्याची नोकरी गेली. अजून तो बाजारात मला बघितलं की रस्ता ओलांडून पलीकडे जातो, आणि मी भाजी निवडत असल्याचं नाटक करते. एकदा तर कांद्याच्या ढिगात मिरच्या शोधत होते.

आता तू लिहितेस की सोमवारपासून त्याच खात्याची मुकादम होणार. वाचून ऊर भरून आला. पण पुढे लिहिलंस, ‘मी बाबांसारखी कुणाच्या मागे लागणार नाही. भिंतीवर पाटी आहे, वाचतील.’ पाटी तेव्हाही होती, ठकू. त्या दांड्यापासून चार पावलांवर.

म्हणून सात वर्षं गिळून ठेवलेलं आज लिहिते. त्या दिवशी सकाळी बाबा मला चहा न सांडता कसा ओतायचा ते शिकवत होते. मला खोडी सुचली. म्हटलं, अहो, पैज लावा. आज घरी येईपर्यंत कुणाला काही म्हणजे काही शिकवायचं नाही. जमलं तर महिनाभर मी उलट उत्तर देणार नाही. त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि हसत निघाले. कडी नीट लाव, एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. बाबा गेल्यावर भेटायला आले तेव्हा कामगार म्हणाले, त्या दिवशी मुकादम सकाळपासून गप्पच होते, नव्या माणसाला नुसतं बोटानं काम दाखवलं. चौकशीत ते त्यांना कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. फिटर खरं बोलत होता, आणि ते मला तेव्हापासून माहीत आहे. पैज बाबा जिंकले. उद्या मी फिटरच्या घरी जाऊन हे सांगणार आहे. दार लावून घेतलं तर बाहेरून सांगेन. त्याच्याआधी ते तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. सोबत सतरा नंबरचा बिल्ला पाठवतेय, तो तुझ्याजवळ ठेव. मला काय म्हणायचं ते म्हण, पत्र लिहावंसं वाटलं नाही तर नको लिहूस. पण सोमवारी जो कुणी नवा येईल, त्याच्याकडून तीनदा वदवून घे. मागून तुझी नक्कल करतील, करू देत.

तुझीच,
आई