आमची किटली चढ चढणार

विहीणबाईंना इकडून हात जोडून नमस्कार. व्याहीबुवांनाही, जागे असतील तर. (पत्र दुपारी पोचेल, म्हणजे ते घोरत असणार. घोरू द्या.) तुमचे गुडघे कसे आहेत? माझे होते तिथेच आहेत. लेक, जावई, नात मजेत असतील. परसातला वेलही मजेत असावा. शाळेत मी बसले कमी आणि बाहेर उभी जास्त राहिले, त्यामुळे माझं अक्षर लागायला वेळ जाईल. जाऊ द्या. खुर्चीत बसून, चष्मा लावून सावकाश वाचा. मधेच उठू नका.

तर गोष्ट आमच्या गाडीची. लेकीच्या लग्नात व्याहीबुवा भर मांडवात म्हणाले होते, "ही गाडी नाही हो, चहाची किटली. चढ लागला की शिट्टी!" (त्यांचीही गाडी हीच, ह्याच साच्यातली. तिचं इंजिन जाम होऊन ती भंगारात गेली, ते बोलायचं राहून गेलं.) तेव्हापासून आमच्या ह्यांचं एकच, "त्यांच्या दारात जाईन तर ह्याच गाडीतून, नाहीतर जाणारच नाही." तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. पण मग नात झाली. मी आपली बसने येऊन बघून गेले, आणि हे फोटो बघत बसलेत. पोर आता रांगायला लागली, उद्या चालेल, आणि तिचे आजोबा अजून चढाच्या पायथ्याशी. दर वेळी निघतात, अर्ध्या चढावर काटा लाल होतो, वाफेत गाडी दिसेनाशी होते, आणि हे परत येऊन मला सांगतात, वारा उलटा होता.

दुखणं रेडिएटरचं. गाडीच्या नाकाशी ती जाळी असते ना, तिच्या बारीक नळ्यांतून इंजिनाचं कढत पाणी उतरतं आणि वाऱ्याने निवतं. नळ्यांत क्षार बसला की पाणी अडतं आणि उकळतं. आता क्षार काढणं म्हणजे माझ्या हातचा मळ, असं मला वाटलं. मी कपड्यांची पावडर दोन मुठी आत ओतली आणि ह्यांना इंजिन चालू करायला लावलं. फेस बॉनेटमधून निघाला तो रस्ता ओलांडून समोरच्या शिंप्याच्या पायरीपर्यंत. त्याने लगेच खराटा आणून पायरी घासून घेतली, वर आभार मानले. रेडिएटर होता तसाच.

मग बोळा मिस्त्री आला. (गळती नळाची असो की गाडीची, आधी बोळा कोंबतो, म्हणून हे नाव.) त्याला संशय थर्मोस्टॅटचा. ते एक चिमुकलं दार असतं, पाणी तापलं की आपोआप उघडतं. पारखायचं तर उकळून. कशात? माझ्या दुधाच्या पातेल्यात! किती तापल्यावर उघडतं ते कळावं म्हणून ह्यांनी त्यात तापाचा थर्मामीटर बुडवला. तो फुटला, आणि मागोमाग दार उघडलं. दोघं "उघडलं, उघडलं!" करत एकमेकांच्या पाठीवर थापा मारतायत, आणि पारा पातेल्यात. पातेलं गेलं.

शेवटी रेडिएटर गळायलाही लागला, तेव्हा शिंप्याने सल्ला दिला की गळतीवर अंड्याचा पांढरा बलक ओता. ओतला. त्या दिवशी चढावर वाफ आली ती न्याहारीच्या वासाची, आणि एक कुत्रं घरापर्यंत मागे आलं. उरल्यासुरल्या नळ्याही बुजल्या.

पण विहीणबाई, मी तक्रार करत नाही. नोकरी संपल्यापासून हे खुर्चीत कुंडीसारखे ठेवलेले होते. आता सकाळी उठून रबरी नळ्या दाबून बघतात, पंख्याचा पट्टा अंगठ्याने ताणून बघतात. परवा आमटी अळणी झाली म्हणून ओरडले. आधी मी मीठ घालायला विसरले तरी मुकाट जेवायचे. मागच्या सीटवर नातीसाठी उशीही बांधून ठेवलीय. (मी बघितली नाही असा त्यांचा समज आहे.)

मिस्त्री म्हणतो, बाकी सगळं ठणठणीत, फक्त रेडिएटर मेला, आणि ह्या गाडीचा आता दुकानात मिळायचा नाही. मी म्हटलं, बघू. असो. मोठ्यांना नमस्कार, नातीला पापा. अंड्याचा प्रयोग तुम्ही करू नका.

ता. क. तुमचा वेल ज्या जाळीवर चढलाय, ती जाळी म्हणजे तुमच्या मेलेल्या गाडीचा रेडिएटर. मागे आले तेव्हा मी त्यात वरून तांब्याभर पाणी ओतलं होतं. तुम्हाला वाटलं, बाई वेलाला पाणी घालतेय. खालून सरळ धार लागली. एक नळी तुंबलेली नाही. तोच हवाय.

आणखी ता. क. कोणाचा आहे ते आमच्या ह्यांना कळता कामा नये. मिस्त्री सांगेल, भंगारात सापडला. व्याहीबुवांनी विचारलंच तर म्हणावं, किटली चढली तर निम्मा मान तुमचा.

शेवटचा ता. क. पत्र घेऊन आलेला माणूस तोच बोळा मिस्त्री. तुम्ही वाचायला बसलात की परसात शिरायचं, असं त्याला बजावून पाठवलंय. एरवी एवढं लांबण लावायची मला हौस नाही. इथवर आलात म्हणजे रेडिएटर बांधलेली शेवटची तार सुटली असेल. वेलाचं पानही तुटणार नाही, त्याला टेकायला आमच्या जुन्या खाटेची जाळी दिलीय. मिस्त्रीला चहा द्या. रविवारी दुपारी नातीला घेऊन फाटकात उभ्या राहा. शिट्टी ऐकू आली नाही आणि गाडी दिसली, तर आम्हीच.