रिकाम्या जागा भरू नका

९ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका. फोनवर आपण रोज बोलतोच. पण तिथे तुम्ही जेवलीस का विचारता, मी हो म्हणते. मी पाठ कशी आहे विचारते, तुम्ही मस्त म्हणता. आणि दोघंही धडधडीत खोटं बोलून फोन ठेवतो. लिहिताना मला तेवढ्या सफाईनं खोटं जमत नाही, म्हणून लिहायला बसले.

तो गेला, बाबा. गेल्या महिन्यातच. त्याचं दुसरीकडे जुळलं आहे. कडाक्याचं भांडण झालं असतं तरी बरं वाटलं असतं. कार्यक्रम संपवून आम्ही वायरी गुंडाळत होतो, आणि गुंडाळता गुंडाळता त्यानं सांगितलं. मी हातातली वायर पूर्ण गुंडाळली, तिला रबर लावलं आणि बरं म्हणाले. बरं! तुमची लेक एरवी भिंतीशीही तासभर बोलेल, आणि नेमक्या वेळी तोंडातून निघालं काय, तर बरं.

आता अडचण अशी. आम्हा दोघांचा आल्बम एप्रिलमध्ये यायचा आहे. माझं यंत्रांवरचं संगीत, त्याचा आवाज. सगळी गाणी रेकॉर्ड होऊन पडली आहेत. त्यानं निरोप पाठवलाय की आवाज खुशाल वापर, माझी काही हरकत नाही. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस घर सोडून जातो कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगा. कंपनीतला माणूस म्हणतो, आवाज आहे, परवानगी आहे, मग घोडं अडलंय कुठे? घोडं इथे अडलंय की मला तो आवाज ऐकवत नाही. आणि तो काढला तर कंपनी आल्बम काढेलच असं नाही. दोन वर्षांचं काम आहे हो. काय करू ते सांगा.

प्रकृतीला जपा. माया नेहमीचीच, पण या खेपेला थोडी वाढवून पाठवा.

तुमची,
टकळी


१५ जानेवारी

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दुकानात मिळालं. हाताला तेल होतं म्हणून पाकीट खराब झालं. आधी उभ्यानं वाचलं, मग शटर अर्धं खाली ओढून बसून वाचलं. दुपारी दुकान बंद दिसल्यामुळे समोरच्या शिंपीणबाई मला काही झालं की काय बघायला आल्या. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही.

आमचे गवईबुवा गेले तर. मला तो माणूस आवडत नव्हता असं म्हटलं तर तुला राग येईल, आवडायचा असं म्हटलं तर मला येईल. तेव्हा तो विषय बंद.

कामाचं बोलतो. आयुष्यभर मी शिलाई मशिनी दुरुस्त करत आलो. एक मशीन मोडीत निघालं की त्याचा धड भाग काढून दुसऱ्याला बसवतो, आणि ते मशीन सुखानं शिवायला लागतं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं. आवाज त्यानं आपण होऊन दिला आहे ना? मग लाव आणि मोकळी हो. हातातोंडाशी आलेलं काम कुणाच्या जाण्यापायी पाण्यात घालू नये. तुझी आई असती तर तिनं हेच जरा गोड करून सांगितलं असतं. मला तेवढं येत नाही.

पाठ मस्त नाहीये. वाकलं की दुखते. हे मी खरं लिहिलं, आता तुझी पाळी. जेवतेस का?

असाच जीव लावत जा.

तुझा,
बाबा


२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

जेवते, पण उभ्यानं, ओट्याशी. ताट वाढून घेऊन बसायचा कंटाळा येतो. हे झालं खरं.

तुमचं ऐकून आवाज लावून बघितला. पहिल्या गाण्याची सुरुवात ऐकली, हेडफोन काढून ठेवला, आणि खिडकीशी जाऊन समोरच्या इमारतीतल्या माणसाला झाडांना पाणी घालताना बघत बसले. त्याचं पाणी घालून झालं, तो आत गेला, तरी बघत होते. बाबा, मशीनचा भाग आपण कुणाच्या अंगातून काढून आणत नाही. तो गाताना मधूनच हसतो ना, ते हसू माझ्याकडे बघून हसलेलं आहे. ते आता बाजारात कसं मांडू?

मग मी आवाज काढलाच. सगळ्या गाण्यांतून. खाली माझं जे उरलं त्याची तबकडी सोबत पाठवते आहे. तुमच्या जुन्या सीडी प्लेअरवर लावा आणि कसं वाटतं ते स्पष्ट लिहा. आपलीच पोर म्हणून गोडवे गाऊ नका. अजून कुणाला ऐकवलेलं नाही. ऐकवायला आहे तरी कोण? पूर्वी केलेलं सगळं आधी त्यालाच ऐकवायचे. आता काही जमून आलं की मी खुर्ची वळवते, आणि मग पुन्हा सरळ करते.

तुमच्या मतावर विसंबून आहे. लोभ कमी पडू देऊ नका.

तुमची,
टकळी


११ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तबकडी मिळाली, पण अजून मत देता येत नाही. आमचा प्लेअर बिघडला आहे. गाणं छान सुरू होतं, आणि मधेच गप्प. मला वाटलं बंद पडलं. उठून जवळ जावं तर पुन्हा सुरू. परत खुर्चीत बसावं तर परत गप्प. माझ्या पाठीचे हाल विचारू नकोस.

शेवटी दुकानात नेऊन प्लेअर उघडला. लेन्स पुसली, पट्टा बदलला, स्क्रू आवळले. पुन्हा लावलं तर त्याच त्याच ठिकाणी गप्प! शिंपीणबाई म्हणाल्या, जुनं झालंय, टाकून द्या. मी इरेला पेटलो, मोटरसुद्धा खोलली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, कारण आता झाकण नीट बसत नाही आणि दोष तर सापडलेलाच नाही. बहुधा तबकडीच खराब निघाली असावी. दुसरी पाठव.

जेवढं ऐकलं तेवढं मला आवडलं. विशेषतः तो खालून येणारा ठोका. चांगल्या तेलपाणी केलेल्या मशीनसारखा चालतो. ही माझ्याकडची मोठी शाबासकी आहे हे तुला माहीत आहेच.

ताट वाढून घेत जा. आठवण ठेव, आम्ही ठेवतोच आहोत.

तुझा,
बाबा


१८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी पाय आपटला. कित्येक दिवसांत हसले नव्हते. आणि हसता हसता कधी रडू फुटलं ते कळलंच नाही.

प्लेअरला काही झालेलं नाही, बाबा. तबकडीही चांगली आहे. ती गप्प होते तिथे तो गायचा.

आमची रीतच वेगळी होती. बाकीचे लोक ठोका आधीच बांधून घेतात आणि त्यावर गातात. आम्ही सगळं एका दमात करायचो. माझं वाजवणं थांबवून मी त्याच्याकडे बघायचे. गायच्या आधी त्याचा उजवा खांदा जरासा वर जायचा, तो श्वास घ्यायचा, गायचा, आणि त्याची ओळ संपली की मी बटण दाबून पुढचा भाग सुरू करायचे. कधी तो लांबवायचा, कधी आवरतं घ्यायचा. मी वाट बघायचे. आता आवाज गेला आणि माझी वाट बघणं तेवढं मागे राहिलं. तेच तुम्हाला बिघाडासारखं ऐकू आलं. बरोबरच आहे म्हणा. बिघाडच तो.

तर आता मी सगळ्या जागा भरून टाकल्या आहेत. कुठे सिंथेसायझर, कुठे घंटेसारखे सूर, एका ठिकाणी तर माझाच आवाज यंत्रातून फिरवून लावला. कंपनीतला माणूस खूश आहे. म्हणाला, ताई, आता पोकळ वाटत नाही. नवी तबकडी पाठवते. ही मधे गप्प बसणार नाही, तेव्हा कृपा करून स्क्रूड्रायव्हर लांब ठेवा.

आपली माया पाठीशी असावी.

तुमची,
टकळी


३ मार्च

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नवी तबकडी ऐकली. स्पष्ट लिही म्हणाली होतीस, म्हणून लिहितो. नाही आवडली. कुठे काही चुकलेलं नाही, सगळं झकपक आहे. पण घरात पाहुणे भरावेत आणि आपलंच माणूस कुठे दिसू नये, तसं वाटलं.

मग पहिली पुन्हा लावली. आता काय आहे ते माहीत असल्यामुळे उठलो नाही, ऐकत राहिलो.

तुला एक सांगतो, जे फोनवर माझ्याच्यानं सांगवलं नसतं. मी बोलायला मंद, हे तू जाणतेस. गिऱ्हाईकाला तुमचं मशीन परवा, एवढं म्हणून मी थांबायचो, आणि आतल्या खोलीतून तुझी आई संध्याकाळी न्या म्हणायची. आमची निम्मी वाक्यं तिनं पुरी केलेली असायची. अजूनही मी परवा म्हणतो आणि थांबतो. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं, मी आतल्या दाराकडे बघतो. लोक चांगले आहेत, हसत नाहीत.

मध्यंतरी शिंपीणबाईंनी बिचारीनं दया येऊन माझं वाक्य पुरं केलं. संध्याकाळी न्या, असंच म्हणाल्या, अगदी तेच शब्द. मला असा राग आला म्हणतेस! त्यांच्याशी कितीतरी दिवस धड बोललो नाही. त्यांचा काही दोष नव्हता. पण ती जागा त्यांची नव्हती. रिकामी राहिली तरी चालेल, तिथे भलतं कुणी येऊन बसू नये.

तू दुसऱ्या तबकडीत ठिकठिकाणी शिंपीणबाई आणून बसवल्या आहेस. त्यांना उठव. शाळेत गाळलेल्या जागा भरल्या नाहीत तर मार्क कापायचे. इथे कापले तर कापू देत. आधी मीच तुला आवाज लाव म्हणालो होतो, पण तेव्हा मी ऐकलेलं नव्हतं.

आणि तू एकटी आहेस याची मला रात्रंदिवस काळजी वाटते. हेही एकदा लिहून टाकतो.

माझा जीव तुझ्यात आहे, एवढं असू दे ध्यानात.

तुझा,
बाबा


६ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत चार ओळी. पहिली तबकडी तशीच्या तशी निघणार! कंपनीतला माणूस म्हणाला, लोक त्याच्या आवाजासाठी येतात. मी म्हटलं, मग त्यांना त्याच्याकडे पाठवा. दोन दिवस त्यानं फोन उचलला नाही. मग कळवलं की काढू, पण मोजक्याच प्रती, आणि तू स्वतः एका छोट्या हॉलमध्ये वाजवून दाखवायचं. मी हो म्हणून बसले.

आता धाबं दणाणलंय. रेकॉर्डमध्ये ठीक आहे, वाट बघून झालेली आहे. पण लोकांसमोर वाजवताना बटण केव्हा दाबायचं? मला कधी मोजायला लागलंच नाही, मी त्याच्या खांद्याकडे बघायचे. सराव करते तर कधी घाईनं दाबते, कधी दाबायचंच राहून जातं आणि बोट तसंच वर. आगीतून उठून फुफाट्यात पडले आहे. त्यात त्यानं कळवलंय की ऐकायला येईन. येऊ नकोस म्हणायचं होतं. लिहिलं काय, तर बरं.

पाठीमुळे तुम्ही प्रवास करायचा नाही, हे निक्षून सांगते. तिथूनच पाठीवर हात ठेवा.

तुमची,
टकळी


२१ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काल कार्यक्रम झाला. सकाळपासून तुम्हाला लिहायचं म्हणून कागद घेऊन बसले आहे.

हॉल लहानसाच, खुर्च्या निम्म्या भरलेल्या. तो मागच्या भिंतीशी उभा होता, एकटाच आला होता. पहिली दोन गाणी मी मान वर न करता वाजवली. थांबण्याच्या जागी मनात आकडे मोजले आणि दाबलं. निभावलं, पण ते काही खरं नव्हतं. लोकही खुर्चीत चुळबुळ करत होते.

तिसऱ्या गाण्यात सगळ्यात मोठी जागा आहे. तिथे आले, वाजवणं थांबवलं, आणि जित्याची खोड म्हणतात तशी मान आपोआप त्याच्याकडे वळली. बाबा, त्याचा खांदा वर गेला. त्यानं श्वास घेतला. त्यालाही सवय होतीच ना इतक्या वर्षांची! मला वाटलं, हा आता गाणार. खरं सांगते, त्यानं गावं असं मला वाटलं. सगळं विसरून वाटलं. नुसतं गा रे, म्हणजे हे सगळं पूर्ववत होईल.

त्यानं श्वास तसाच सोडला आणि खाली बघितलं.

मी बोट वर धरून उभीच. किती वेळ गेला देव जाणे. लोकांना वाटलं असेल, हिचं यंत्र बिघडलं. कुणी येणार नव्हतं. मला ते ठाऊक होतं, सगळ्या जगाला ठाऊक होतं, फक्त बोटाला ठाऊक नव्हतं. मग मी त्याच्यावरची नजर काढली आणि दाबलं. फार उशिरा दाबलं असणार. पण खालून ठोका आला आणि गाणं पुढे निघालं, आणि त्यानंतर शेवटपर्यंत मी मागच्या भिंतीकडे एकदाही बघितलं नाही. आकडेही मोजले नाहीत. मला वाटलं तेवढं थांबले, मला वाटलं तेव्हा पुढे गेले. संपल्यावर लोक उठून टाळ्या वाजवत होते तेव्हा तो तिथे नव्हता.

तुम्हाला वाटेल, पोरगी सुटली. मलाही वाटलं होतं की एकदा पुढे गेले की हलकं वाटेल. नाही वाटलं. घरी येऊन दार लावलं आणि त्याच्यासाठी पहिल्यांदा पोटभर रडले, कारण तो मला कालच सोडून गेला, बाबा. इतके दिवस मी थांबले होते, म्हणून त्याचं जाणं राहिलं होतं.

आज जरा वाढीव मायेची गरज आहे. हात आखडता घेऊ नका.

तुमची,
टकळी