फाट्यावर थांबलो

सिकंदराबाद छावणी
२ फेब्रुवारी १९६१

बाच्या अन् याडीच्या, दोघा मायबापाच्या पायावर थावरसिंगचं डोकं.

मी बरा आहो. जेवण पोटभर भेटते. गुडघा जरासा सुजला, पण दुखत नाही. गुरुजी, याडीले इथवरच वाचून दाखवजा. पुढचं बाले एकट्याले.

बा, सव्वीस मैलाची शर्यत झाली. बावीस मैलापर्यंत मीच पुढं होतो. तिथं रस्त्याले दोन फाटे फुटले, अन् झेंडीवाला शिपाई जागेवर नव्हता. मी आदल्या दिवशी रस्ता पाहून आलतो, मागच्यांनी पाह्यला नव्हता. आजा बैलांवर मीठ लादून नेई, तवा पुढचा गडी फाट्यावर थांबे अन् मागचा दिसल्याबिगर हालत नसे, हे तुमीच शिकवलं. मीबी थांबलो. मागचा आला, त्याले हातानं रस्ता दाखवला, अन् तो निघून गेला. माहा थंड पडलेला गुडघा मंग उचललाच नाही. तिसरा आलो.

साहेबानं इचारलं, काहून थांबला? मी सलाम ठोकून बाहेर आलो. पलटणीच्या चमूतून नाव कटलं. दहा वर्षं पळलो, बा. आता कोठीत बसून काम आहे. लय थकलो.

राग येऊन राह्यला, पण तुमच्यावर नाही.

काळी गाय व्याली का? याडीचा खोकला कसा आहे?

होळीले येतो. आर्णीच्या फाट्यावर कोणीतरी येऊन थांबजा. रस्ता ठाऊक आहे मले. तरीबी थांबजा.

तुमचा
थावरसिंग