रामनामाच्या गोळ्या आणि साहेबांचा गळ

सोमाटणे, मार्गशीर्ष वद्य पंचमी, रविवार, दिवेलागण

तीर्थस्वरूप सौ. वन्संच्या चरणी,

धाकट्या भावजयीचा पदर सावरून, वाकून नमस्कार. तुमची पाठ ओव्याच्या शेकाने राहिली का? इकडे रामकृपेने सर्व खुशाल. तुमचे बंधू तेवढे दिवसभर वाळूत बसून अंग आंबवून आले आहेत, ते कशाने हेच लिहायला बसले आहे.

यांची सडकेच्या कचेरीतली नोकरी अजून हंगामी, आणि कायम होणं साहेबांच्या एका सहीवर अडलेलं, हे तुम्ही जाणताच. त्यासाठीच मी अकरा हजार रामनामाचं अनुष्ठान धरलं आहे. चिठ्ठीवर नाव लिहायचं, ती कणकेच्या गोळीत घालायची, आणि रोज एकशेआठ गोळ्या पवनामाईच्या माशांना घालायच्या. (चिठ्ठ्या जुन्या पंचांगाच्या कोऱ्या कडांच्या. नवा कागद रामालाही आवडला नसता.) मासे इतके सोकावले आहेत की माझी चाहूल लागली की घोट्याशी गोळा होतात. आता साहेब पडले गळाचे वेडे. तुमच्या बंधूंनी जन्मात मासा ताटात सोडाच, बाजारातही नीट पाहिलेला नाही, पण साहेबांना म्हणाले, वाळूचा छान काठ आहे, पाणी उथळ, मडमसाहेब आणि मुलं खेळतील, आणि मासे तर मागाल तेवढे. तो माझाच काठ हो. मला विचारलंसुद्धा नाही.

गेल्या रविवारी रखमाजीच्या छकड्यातून सगळी वरात निघाली. (मी फराळाच्या डब्याबरोबर.) साहेबांनी गांडूळ लावून गळ टाकला. ज्यांच्या पोटात रामाचं नाव, ते आज साहेबांच्या तव्यावर जाणार. मासा लागला तर पाप, न लागला तर नोकरी जाणार. मी प्रवाहाच्या खालच्या अंगाला पन्नास पावलं गेले आणि गोळ्यांचा डबा उघडला. एकशेआठ संपल्या तरी हात थांबेना. आठवडाभराच्या वाळवून ठेवलेल्या सगळ्या गोळ्या गेल्या. मडम मोजे काढून माझ्याशेजारी पाण्यात उभी राहिली, पायाला गुदगुल्या होताच हसू लागली आणि मुलांनाही बोलावलं. (मुलांनी टाकलेल्या मी जमेस धरल्या नाहीत.) वरच्या अंगाला साहेब तीन तास बगळ्यासारखे ध्यानस्थ. शेवटी रखमाजीने तोंड उघडलं, "सायेब, मासं तितं बाईंच्या पंगतीला बसल्यात. हितं उपाशी कोन येतंय?"

तुमच्या बंधूंच्या तोंडचं पाणी पळालं. पण साहेबांनी एक गोळी हुंगून पाहिली आणि फर्मावलं, पुढच्या रविवारी गळाला हेच लावायचं. बंधू होय म्हणून मोकळे. रामाचं नाव गळाला टोचायचं कसं? मी साहेबांसाठी चिठ्ठीवाचून नुसत्या कणकेच्या एकशेआठ गोळ्या वळल्या, आणि अनुष्ठानाच्या तितक्याच वेगळ्या ठेवल्या. डबे दोन्ही बिस्किटांचे, एकसारखे.

आज साहेबांना एकही मासा लागला नाही. दर खेपेला गोळी अलगद खाऊन मासा पसार. डबा संपला. साहेब चिडतील म्हणून मी मारुतीस्तोत्र धरलं होतं, पण त्यांना उलट ईर्ष्या चढली. या माशांना हरवल्याशिवाय मी इथून हलत नाही म्हणाले, आणि काठ दाखवणारा माणूस दर रविवारी हाताशी हवा, म्हणून कायमच्या कागदावर छकड्यातच सही केली. देवाला साखर ठेवली. तुमच्या वाटणीची चिमूट पत्रासोबत कशी धाडू, म्हणून मीच खाल्ली.

तुमची,
सौ. नीरजा

ता. क. उद्याच्या गोळ्या मोजायला आत्ता घरातला डबा उघडला. एक फुटली. आत चिठ्ठी नाही. दुसरी फोडली, तीही नुसती कणीक.

ता. क. दुसरा. आता पत्राचं खरं काम हे. नावाच्या गोळ्यांचा डबा साहेबांकडे गेला असला तरी गोळ्या माशांनीच खाल्ल्या, एकही वाया गेली नाही. तेव्हा त्या एकशेआठ अनुष्ठानात धरता येतील का, एवढं तुमच्या गुरुजींना विचारून कळवावं. गळाचा उल्लेख नको. यजमानांच्या साहेबांच्या हस्ते घातल्या, इतकंच सांगावं.