बाईंचा भाचा

मार्गासनी,
७ जुलै २०२४

चि. सारिकास,
ताईचा जयभीम व अ. आ. वि. वि. इकडे सगळे बरे आहेत. फोन लावला की मला रडू फुटतं आणि बोलायचं राहून जातं, म्हणून ह्यांच्या दुधाच्या टेम्पोतून चिठ्ठी धाडते आहे.

प्रशिक रुळला का गं? सासूबाई रोज ऐकवतात, सहा वर्षांचं लेकरू, त्यात कानानं अधू, लई लांब टाकलंस. मी म्हणते, लांब कुठं? सख्खी मावशी तिथं मुख्याध्यापिका आहे. तेवढ्याच आधारावर मला झोप लागते. निजायला त्याला तुझ्या खोलीवर नेतेस ना?

आणि मोठ्या बाई झालीस म्हणून जेवण टाळू नकोस. माझ्यावर लोभ आहेच तुझा, त्यातला निम्मा आता भाच्याला दे.
तुझी, छायाताई

भोर,
१० जुलै

ती. ताईस,
सारिकाचा सप्रेम जयभीम. दाजींनी चिठ्ठी आणि तांदूळ दोन्ही पोचवलं. जेवते आहे, भाषण पुरे!

आता रागावू नकोस. प्रशिक वसतिगृहातच निजतो. शाळेत मी त्याची मावशी नाही, बाई आहे. माझ्या आधीच्या कर्णबधिर शाळेत एका संचालकांचा नातू होता. त्याचे लाड बघून बाकीची पोरं कशी हिरमुसायची, ते मी पाहिलंय. इथल्या कित्येकांना घरचं माणूस महिना महिना दिसत नाही. म्हणून त्याला खुणेनं बजावलंय, इथं मावशी म्हणायचं नाही, बिलगायचं नाही.

काल मधल्या सुट्टीत तो धावत आला आणि मी पाठ फिरवली. ऐकू न येणाऱ्या मुलाकडे पाठ फिरवली की त्याचं बोलणंच तोडलं, हे नव्या शिक्षकांना मीच शिकवते. मन खातंय, पण नियम मोडवत नाही.
तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझी, सारिका

मार्गासनी,
३ नोव्हेंबर

चि. सारिकास,
अ. आ. दिवाळीच्या सुट्टीत पोर घरी आलंय. किती शिकवलंस गं त्याला! आजीसुद्धा आता हातांनी चहा मागते.

पण काल मोबाईलवर तुझा फोटो दाखवला, तर हा ताठ उभा राहिला आणि हात जोडले. मी खूण केली, मावशी. त्यानं दाराकडे पाहिलं आणि माझे दोन्ही हात धरून खाली दाबले. कुणी बघेल म्हणून.

शाळेबद्दल माझी तक्रार नाही. पण मी पोर मावशीकडे पाठवलं होतं. सुट्टी संपली की पाठवू का नको, तूच सांग. तोवर मी त्याला घरीच ठेवते.
छायाताई

भोर,
१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
जयभीम. काल शाळा उघडली. वर्गाला समोर बसवून मी खुणेनं सांगितलं, प्रशिक माझ्या बहिणीचा मुलगा आहे. वाटलं, रुसतील. पण कुणालाच नवल वाटलं नाही. आंबवड्याची रत्ना हातांनी म्हणाली, ते तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तुमचे डोळे सारखेच आहेत.

मग कधी विचारलं का नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, तो बहिरा आहे म्हणून तुम्हाला लाज वाटत असेल. आमच्याही घरी पाहुणे आले की आम्हाला आतल्या खोलीत बसवतात.

ताई, कुणालाच माझा राग आला नव्हता. चौदा वर्षं मी अशा मुलांना शिकवते आहे, आणि त्यांनी मलाही पाहुण्यांपासून पोरं लपवणाऱ्या माणसांतच धरलं होतं.

पाठव असं सांगायचा हक्क मला उरला नाही. शनिवारी मी स्वतः मार्गासनीला येते. तो माझ्याजवळ आला तर आम्ही दोघं एसटीनं परत येऊ, सगळ्यांदेखत हात धरून. नाही आला, तर मला घरात घे तेवढं.
तुझी, सारिका